फोन मागून येतो

आमच्या शाळेत कोणी नवा फोन घेतला की पेढे मिळतात, आणि जुना बिघडला की किस्सा मिळतो. मधली काही वर्षं तर पेढ्यांची चव विसरलो होतो. किस्से मात्र इतके साचलेत की चहाच्या सुट्टीत एक सुरू केला तर त्याच्या शेपटीला धरून दुसरा येतो, आणि घंटा झाली तरी तिसरा अर्धाच राहतो.

शाळा किन्हीराजाच्या पुढे, फाट्यावरून आत. आम्ही चार जण शिकवतो. मुख्याध्यापक गावंडे सर, राठोड मॅडम, इंगोले सर आणि मी. सरकारी कामाला खुर्ची सरकारी मिळते, खडू सरकारी मिळतो. फोन मात्र स्वतःचा. हजेरी त्यावर, खिचडीचा फोटो त्यावर, प्रशिक्षण त्यावर. आणि ‘शिक्षकांनी शाळेत मोबाइलचा वापर टाळावा’ ही सूचनाही त्यावरच येते!

चारही फोनांत सगळ्यात म्हातारा माझा. खरं तर तो सुनंदाचा, माझ्या बायकोचा. ती गेल्यावर तो बंद करून कपाटात ठेवणं मला जमलं नाही. मग माझा चांगला फोन मुलाला दिला आणि हा मी वापरायला घेतला. काचेला तडा होता, बॅटरी दुपारपर्यंत टिकायची, आणि काचेच्या खालच्या भागात कोणी हात न लावताही बटणं दाबली जायची. तरी तो चालू राहावा, एवढंच मला हवं असायचं. स्टाफला हे माहीत होतं, म्हणून ते मला ‘फोन बदला’ असं तोंडावर म्हणत नसत. राठोड मॅडम फक्त विचारायच्या, “सर, आज बरा आहे का तो?”

* * *

गावंडे सरांच्या फोनचा कानाजवळचा आवाज गेलेला. बोलायचं तर स्पीकरवरच. त्यामुळे त्यांच्या घरी आज वांगी आहेत की पिठलं, हे चौथीच्या पोरांनाही ठाऊक असतं.

एकदा सर शाळेच्या कामासाठी एसटीने मालेगावला निघाले होते. घाईत तशी नोंद करायची राहून गेली होती. बस गावातल्याच माणसांनी भरलेली. आणि नेमका फोन आला केंद्रप्रमुख घुगे साहेबांचा. आमच्यासारख्या डझनभर शाळांवर त्यांची नजर असते, आणि ती नजर चष्म्यातून नव्हे, चष्म्यावरून येते.

“गावंडे सर, कुठे आहात?”

सरांच्या तोंडून निघून गेलं, “वर्गावर आहे, साहेब.”

अख्खी बस ऐकत होती. कंडक्टरने ओठांवर बोट ठेवलं.  मग मागच्या सीटवरून पार्वताबाईंनी डोळे मिटून खणखणीत सुरुवात केली, “बे एके बे!”

“बे दुणे चार!” सगळी बस म्हणाली.

“पोरांचे आवाज फार जाड वाटतात,” साहेब म्हणाले.

“उन्हानं घसे बसले, साहेब.”

बे पंचे दहापर्यंत गाडी नीट गेली. तेवढ्यात थांबा आला आणि कंडक्टरने सवयीने दोरी ओढली. टण्ण!

“ही कोणती घंटा, सर?”

“पाणी प्यायची सुट्टी झाली, साहेब!”

साहेबांनी फोन ठेवला. पार्वताबाई म्हणाल्या, “सर, सुट्टी झाली तं मी उतरू का आता?”

* * *

इंगोले सर राहतात शिरपूरला. रोज मोटारसायकलने येतात, कधी उशीर नाही. पण हजेरीच्या अॅपवर ते आठवडाभर गैरहजर दिसत होते. कारण त्यांचा फोन इतका मंद झाला होता की माणूस कुठे आहे हे त्याला निम्म्या दिवसानंतर कळायचं. सर सकाळी शाळेत बसलेले, फोन म्हणायचा शिरपूरला आहेत. सर संध्याकाळी घरी ओट्यावर चहा पीत बसलेले, तेव्हा फोनला शाळा सापडायची.

बिचाऱ्यांनी त्यातून मार्ग काढला. संध्याकाळी घरूनच हजेरी लावायला लागले. फोन खूश, अॅप खूश. महिन्याभराने घुगे साहेबांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं केलं.

“इंगोले सर, शाळा भरते तेव्हा तुम्ही नसता आणि शाळा सुटल्यावर हजर होता. खुलासा करा.”

इंगोले सरांनी नमस्कार केला आणि शांतपणे सांगितलं, “साहेब, मी वेळेवर येतो. फोन मागून येतो.”

* * *

उन्हाळ्यात शाळा सकाळची असली तरी दहानंतर पत्रे तापतात, आणि पत्र्यांच्या आधी फोन तापतात. हातात धरवत नाही, स्क्रीन काळी होते, मग काहीही दाबा. यावरचा उपाय राठोड मॅडमचा. स्टाफरूमच्या कोपऱ्यात माठ आहे. त्याच्या तिवईखाली सावलीत ओल्या फडक्यावर ताटली ठेवायची आणि ताटलीत फोन. पाच मिनिटांत शुद्धीवर येतो.

हळूहळू ही पद्धतच पडली. ज्याचा फोन मूर्च्छित झाला तो माठाखाली. भिंतीवर क्रमसुद्धा लागला. पहिला मान मुख्याध्यापकांचा!

एकदा तालुक्याहून एक अधिकारी आले. पाणी प्यायला माठाजवळ गेले, तर माठाखाली गावंडे सरांच्या घरून फोन आला आणि तापाच्या भरात आपोआप उचललाही गेला. स्पीकरवर! “पिठलं करू का वांगे?”

अधिकारी वाकून बघतात, तर ताटलीत ओळीने फोन झोपलेले.

“हे काय आहे?”

राठोड मॅडम घाबरल्या, पण खोटं बोलायची त्यांना सवय नाही. “साहेब, तापले आहेत. ठंडे करून राह्यलो.”

अधिकाऱ्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, कोणी बघत नाही याची खात्री केली, आणि खिशातून स्वतःचा फोन काढला.

“सरका जरा. याले जागा होते का?”

* * *

खिचडीचा फोटो रोज पाठवावा लागतो. एका आठवड्यात गावंडे सरांच्या फोनमधून एकही फोटो पुढे सरकला नाही. गोल चक्र फिरत राहायचं. सरांनी फोन हलवला, झटकला, झेंड्याच्या चबुतऱ्यावर उभं राहून आभाळाकडे धरला. काही नाही. रविवारी सर वाशीमला लग्नाला गेले, तिथे फोनला काय स्फुरण चढलं कोण जाणे, आठवड्याचे सगळे फोटो एकदम गेले!

आता नोटीस येणार म्हणून आम्ही जीव मुठीत धरून होतो. पुढच्या मीटिंगमध्ये गावंडे सरांना पुढे बोलावलं. शाल दिली, नारळ दिला. सुट्टीच्या दिवशीही एकामागून एक पंगती उठवणारी तालुक्यातली एकमेव शाळा!

सरांनी परत येऊन हे खिचडी शिजवणाऱ्या कुसुमताईंना सांगितलं.

“अवो सर, त्या रविवारी तं मी वावरात तूर सोंगून राह्यली व्हती!”

“असू द्या ना, ताई. सत्कार झाला.”

“झाला ना? मंग तो नारळ इकडं आना. खिचडी माही हाये.”

* * *

माझ्या फोनचेही प्रताप आहेत. ऑनलाइन प्रशिक्षण चाललं होतं. विषय होता ‘आनंददायी अध्यापन’, आणि जिल्हाभरातले शिक्षक पेंगत होते. शेवटी मार्गदर्शक म्हणाले, “कोणाला काही शंका? नसेल तर इथेच थांबू.”

त्याच क्षणी माझ्या फोनने आपल्या आपण हात वर केला.

“हं, बोला सर!”

मी हात खाली करायला गेलो, तर फोनने माइक सुरू केला. मागे आमच्या गल्लीतला भंगारवाला ओरडत होता, तो सगळ्यांनी ऐकला. काहीतरी विचारणं भाग होतं. मी विचारलं, “सर, हे आनंददायी कधीपासून लागू होईल?”

त्याचं उत्तर देण्यात प्रशिक्षण तासभर लांबलं. दुसऱ्या दिवशी इंगोले सर म्हणाले, “सर, तुमचं सोडा. पन तुमच्या फोनले नोकरीची लय हौस आहे बाप्पा!”

* * *

त्यानंतर इंगोले सर मला मालेगावला घेऊन गेले. बसस्टँडजवळ अक्रमचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. हात चांगला, तोंड फाटकं. त्याने फोन उघडला, आत फुंकर मारली, भिंगातून पाहिलं.

“गुर्जी, कायले याच्या मागं लागले? याचं काईच राह्यलं नाही. मानूस असता ना, तं डॉक्टरनं घरच्याले बाहेर बलावून सांगतलं असतं, का आता मशीन काढून घेऊ द्या.”

इंगोले सरांनी त्याच्या पायावर पाय दिला. अक्रमला कळेना, तो एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला.

मी म्हटलं, “बॅटरी तेवढी बदल.”

त्याने बदलली. काच पुसली, दोनदा पुसली, आणि फोन माझ्या हातात देताना म्हणाला, “चालते, गुर्जी. चालवू आपन.”

तो आणखी एक पावसाळा चालला.

* * *

दुपारी मुलांची जेवणं झाली की घुगे साहेबांना एक मेसेज पाठवायचा असतो. पट किती, हजर किती, जेवली किती, धन्यवाद. हे काम माझ्याकडे.

आता फोनवर टाइप करताना अक्षरांच्या वर फोन स्वतःच पुढचे शब्द सुचवतो, हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या फोनमध्ये नेमकी तीच पट्टी आपोआप दाबली जायची. आणि ते शब्द त्याला मी शिकवलेले नव्हते. मी शाळेत असलो की सुनंदा रोज दुपारी मला एकच मेसेज करायची. त्यामुळे एकदा साहेबांना मेसेज गेला तो असा: ‘पट ६८. हजर सर्व. आहार घेतलेले सर्व. धन्यवाद. डबा उघडा, जेवून घेजा.’

मी लगेच फोन करून माफी मागितली.

“ठीक आहे,” साहेब म्हणाले. “यापुढे दक्षता घ्यावी.”

दक्षता घेऊनही आठवड्यातून चार-पाच वेळा ते जायचंच. पुसायला जावं तर फोन अडकायचा, आणि सुटला की आधी मेसेज पाठवून मोकळा व्हायचा. काही दिवस मी माफी मागत राहिलो. साहेबांचं उत्तर येईना. मग मीही थांबलो. गावंडे सर म्हणायचे, “ज्या साहेबापुढं आमी घोटभर पानी पेत नाही, त्याले जेव म्हननारा सर्कलमधी एकच मास्तर!”

यंदा हजेरीचं अॅप नवं आलं. जुन्या फोनवर ते उघडेचना. अक्रमनेही हात जोडले. शेवटी वाशीमला जाऊन नवा फोन घेतला. दुकानदाराने फोटो, नंबर सगळं इकडून तिकडे घालून दिलं आणि म्हणाला, “जुना एक्स्चेंजमध्ये देता का?” मी नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पेढे वाटले. दुपारी साहेबांना मेसेज पाठवला. बोट लावताच गेला! एक अक्षर जास्त नाही. स्टाफरूममध्ये टाळ्या पडल्या.

अर्ध्या तासाने साहेबांचा फोन. नव्या फोनची मला अजून सवय नव्हती. घेताना स्पीकर लागला.

“सर, रिपोर्ट मिळाला.”

“हो, साहेब.”

“पूर्ण आहे का तो?”

“आकडे बरोबर आहेत, साहेब. पुन्हा तपासू का?”

“आकडे नाही. ते खालचं. रोज येतं ते.”

इंगोले सरांच्या हातातला पेढा हातातच राहिला. मी सांगितलं, “साहेब, ते जुन्या फोनमधून आपोआप जायचं. हा नवा आहे. आता नाही जाणार.”

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. फोन अडकला असं वाटून मी स्क्रीनकडे पाहिलं. पण फोन नवा होता.

“आपोआप जात नसन तं हातानं धाडा ना, सर,” साहेब म्हणाले. “मी कवाचा डबा उघडून बसलो इथं!”