भिंतीला बाहेरचं लागलं

आमच्या घराला बाहेरचं लागलंय, ही बातमी आमच्या मूल गावात सगळ्यात आधी माझ्या आईनेच पसरवली. (बाहेरचं म्हणजे भूतबाधा. ती माणसाला होते असं ऐकून होतो; विटा-सिमेंटला झाल्याचं हे पहिलंच उदाहरण!)

आईकडे पुरावा होता. उन्हाळ्यात रंगवलेली समोरची भिंत श्रावण संपायच्या आत उतरून अंगणात आली होती. पिस्ता रंगाचे ओघळ तुळशीपर्यंत गेले होते आणि आईची पांढरी कोंबडी पोटाखालून हिरवी झाली होती! या सगळ्याचं अगदी साधं कारण होतं. ते फक्त मला माहीत होतं, आणि मी गप्प होतो.

झालं असं. शामरावभाऊ पेंटरने भिंत पाहून मला बजावलं होतं, "गुरुजी, बाहेरचाच रंग आणा जी. आतला सस्ता पडते, पण पाण्यात टिकत नाई." मी मान डोलावली आणि चंद्रपूर गाठलं. दुकानदाराने आधी पुट्टीचा भाव सांगितला, मग प्रायमरचा, मग बाहेरच्या रंगाचा. तो ऐकून मी बसायला स्टूल मागितलं.

"इतका महाग काऊन हो?"

"ऊन, पाणी, शेवाळ, सारं झेलते ना तो!"

"मी बी झेलतो. मले कोणी इतके देते का?"

शेजारीच आतल्या रंगाचे डबे होते, जवळजवळ निम्म्या भावात. तोच पिस्ता! मनात आलं, भिंत एक, वीट एक. आपण आत आहोत की बाहेर, हे तिला काय कळतंय? (हा विचार एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसाचा होता, हे कृपा करून कुणाला सांगू नका.)

अडचण फक्त डब्याची होती. आतल्या रंगाच्या डब्यावर सोफ्यावर बसलेली एक हसरी बाई होती, आणि बाहेरच्याच्या डब्यावर बंगला. शामरावभाऊ डब्यावरचं इंग्रजी वाचत बसत नाही, चित्र पाहतो. म्हणून घरी येताच मी परसात गेलो. तिथे बंगल्याच्या एका जुन्या डब्यात आईने कोरफड लावली होती. ती उपटली, डबा धुतला आणि सोफ्याचा रंग बंगल्यात ओतला. रिकामा सोफा न्हाणीत ठेवला, बाईचं तोंड भिंतीकडे करून. त्या दिवसापासून सगळं घर त्याच डब्यातून अंघोळ करत होतं.

"डबा तुमी काऊन फोडला जी? तो मी फोडतो ना," शामरावभाऊ म्हणाला.

"म्हटलं, तुमचा तेवढाच टाइम वाचला."

"रंग बी येगळाच वाटून राह्यला. कोरफडीचा वास येते."

"हर्बल आहे!"

तो हसला आणि कामाला लागला. काय मन लावून रंगवलं त्याने! खिडकीचे कोपरे बोटाने सारखे केले. त्यालाही कारण होतं. शेजारच्या देवाजीने नवीन घर बांधलं होतं आणि "गुरुजीची भिंत पाण्यात कशी राह्यते ते पाहू, मंग तुलेच काम देऊ," असा शब्द दिला होता. त्या भरवशावर शामरावभाऊने त्या वर्षी कामासाठी हैदराबादला जायचं रद्द केलं होतं.

भिंत उतरली तसा देवाजी आमच्या अंगणात उभा राहून ओरडला, "शामराव, रंग लावला का सरबत?"

"माहा हात असा नाई जी," शामरावभाऊ म्हणाला. "गुरुजीलेच विचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "आजकाल हवामानच बदलून गेलं."

ते वाक्य मला अजून टोचतं. खरं बोलायला त्याहून कमी वेळ लागला असता. देवाजीने दुसरा पेंटर शोधतो म्हणून सांगितलं, आणि शामरावभाऊ हैदराबादच्या गाडीची चौकशी करायला लागला.

आई मात्र ऐकायला तयार नव्हती. "त्याचा हात खराब नाई. हे बाहेरचंच हाये!" तिने ताराबाईला बोलावणं धाडलं. ताराबाई वार्डातली जुनी जाणती म्हातारी, बाहेरचं बघते. ती आली, मागोमाग अर्धा वार्ड आला. शामरावभाऊही फाटकापाशी येऊन उभा राहिला.

"डबाभर पाणी आण वो बाई," ताराबाई आईला म्हणाली. "भिंतीवर शिंपडा लागते."

आई न्हाणीतला डबा उचलून आणायला लागली. मी आडवाच झालो. "तो नको! तो अंघोळीचा आहे!"

"मंग पाण्याचाच झाला ना!" म्हणत आईने डबा बरोबर भिंतीसमोर ठेवला. बाईचं तोंड लोकांकडे.

ताराबाईचा लिंबू धरलेला हात मध्येच थांबला. "ह्या डब्यावर सोफा काऊन हाये?"

शामरावभाऊ पुढे आला. त्याने डबा पाहिला, परसात उपटून टाकलेली कोरफड पाहिली, मग मला पाहिलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, "हा तं आतला रंग हाये. ऊन-पाण्यात सोफा कोण ठेवते जी, गुरुजी?"

ताराबाईने लिंबू पिशवीत परत टाकलं. "बाहेरचं काई नाई वो बाई. जे हाये ते आतलंच हाये." हे बोलताना ती भिंतीकडे बघत नव्हती.

मी सगळ्यांसमोर कबूल केलं, शामरावभाऊची माफी मागितली. देवाजीने त्याच दिवशी त्याला काम दिलं. देवाजीच्या घरावर आता दोन पावसाळे झाले, तरी रंग कालच लावल्यासारखा आहे. माझी भिंत मात्र अजून तशीच. आधी सगळं खरवडा, मग पुट्टी, मग प्रायमर. खर्च पहिल्यापेक्षा दुप्पट, आणि मी तो मुकाट्याने करायला तयार आहे. शामरावभाऊच तेवढा हवा. परवा बाजारात भेटला तेव्हा अगदी आदराने म्हणाला, "येतो ना गुरुजी. फक्त डबा बंद ठेवजा. सील मी सोता फोडीन."

एकतीस वर्षं मी परीक्षेच्या पेपरांची सीलं दोन साक्षीदारांसमोर फोडली. आता माझ्या घरी रंगाचा डबा तसाच फोडला जाईल. आणि शामरावभाऊ एकटा पुरणार नाही म्हणून आईने दुसरी साक्षीदार ताराबाई ठरवली आहे!