चिंचेखालचे बूट

"रक्त खोटं बोलत नाही!" असं म्हणून डॉक्टर काचेची नळी उन्हात धरत आणि एक डोळा मिटत. उघड्या डोळ्याचाही फारसा उपयोग नव्हता, हे आम्हांला पुढे कळलं. तुम्हीही असे नग पाहिले असतीलच.

खालापूरजवळ एका शेठचा शर्यतीच्या घोड्यांचा तबेला होता. मी तिथे दाण्याच्या कोठीवर. डॉक्टर दर सोमवारी कर्जतहून फटफटीवर येत. ती फटफटी पळसदरीला खोकली की धरणातले मासे कानात शेवाळ कोंबत, आणि आमच्या अंगणात थांबेपर्यंत कौलं बोटभर खाली सरकलेली असत! त्यात खिळ्यांचे बूट, हातात खळखळणारा सुयांचा डबा. एवढी वरात घेऊन हा गृहस्थ घोड्याच्या मानेत सुई घाले.

मग नळी उभी ठेवायची. घोड्याचं रक्त झटपट खाली बसतं: वर पिवळट पाणी, खाली तांबडा थर. सरावाने रक्तातलं तांबडं वाढतं. म्हणून थर जितका उंच तितका घोडा तयार, हा डॉक्टरांचा वेद.

चांदणी नावाची घोडी होती. बरगड्या मोजता येत होत्या, चंदीचा दाणा अर्धा टाकत होती. पण नळीत तांबडं चढतंच! डॉक्टर खूश. "आणखी दोन फेऱ्या वाढवा."

तिची निगा राखणारा मोतद्दार गोमा म्हणाला, "डाक्टर, घोडी दमलीय. कमरंत आखडलीय. अशी पळवली तर पडंल ती."

"तू रक्त पाहिलंस?"

"नाय. घोडी पायली."

"मग गप्प बस."

शिकलेल्या माणसाची हीच मजा. समोरचं न बघण्याची त्याला पदवी मिळालेली असते. शर्यत पंधरा दिवसांवर आली होती, आणि पाय मोडलेल्या घोडीसाठी शेठच्या कचेरीत बंदूक टांगलेली होती. गोमाचं अन्नपाणी तुटलं.

पुढच्या सोमवारी फटफटी वाटेत कुंभिवलीला बंद पडली. ती तिथल्या मेकॅनिककडे टाकून डॉक्टर चालत आले, टाचेला खिळा टोचला म्हणून बूट हातात. चांदणी उभ्या उभ्या पेंगत होती. सुई गेली तरी तिने नुसतं शेपूट हलवलं. नळीत तांबडं दोन बोटं कमी!

"नळी बदलली! कोठीवाले, हे तुमचं काम!"

"मी हरभऱ्याचं रक्त काढत नाही, डॉक्टर."

गोमा म्हणाला, "ती तुमच्या फटफटीला भितीय. आवाज आला की घामानं भिजतीय."

"रक्ताला कसली भीती?"

तासाभराने मेकॅनिक फटफटी दुरुस्त करून थेट अंगणात घेऊन आला. चांदणी भिंतीला चिकटून थरथरायला लागली. मी म्हटलं, "काढा आता दुसरी नळी." काढली. दोन्ही शेजारी ठेवल्या. दुसरीत तांबडं दोन बोटं वर!

"तासाभरात कुठल्या फेऱ्या मारल्या हो हिने?" मी विचारलं.

डॉक्टरांनी या वेळी डोळा मिटला नाही. दोन्ही नळ्या जवळ धरून म्हणाले, "पाणथरी, म्हणजे प्लीहा. घोडा तिथे रक्त साठवतो. भ्याला की ती आवळते, साठा बाहेर येतो. वाचलं होतं मी." वाचलं होतं म्हणे! वाचलेलं कुठल्या कपाटात ठेवलं होतं देव जाणे.

"इतके महिने," ते म्हणाले, "मी माझीच फटफटी मोजत होतो."

मग ते शेठपुढे उभे राहिले. चांदणीला शर्यतीतून काढा, चूक माझी, म्हणाले. शेठने त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मला हसायचं होतं, जमलं नाही.

त्यानंतर फाटकाबाहेरच्या चिंचेखाली फटफटी थांबे. बूटही तिथेच. डॉक्टर काट्यांतून अनवाणी, चोरासारखे येत. "देवळात निघाले!" आम्ही टोमणा मारायचो. चांदणी मात्र त्यांच्या खिशात तोंड घालून गूळ शोधायची.

एका पावसाळ्यात कावीळ झाली आणि डॉक्टर गेले.

नवा डॉक्टर जीपने आला, हॉर्न वाजवत, थेट तबेल्याच्या दारात. चांदणी भिंतीला चिकटली. त्याने नळी उन्हात धरली. "वा! काय रक्त आहे! पळवा हिला!"

गोमाने आधी त्याच्या बुटांकडे पाहिलं, मग फाटकाकडे.

"साहेब," तो म्हणाला, "चिंच हितनं लांब नाय."