देवीलालच्या मोटारीच्या काळ्या काचा

कय्युमची दोन बोटं मोडली ती रंगाच्या डब्याने. देवीलाल ठेकेदाराने त्याचा उजवा हात दुकानाच्या उंबऱ्यावर दाबून धरला आणि भरलेला डबा वरून आपटला. आर्णीच्या चौकात, दिवसाढवळ्या. बघणारे पुष्कळ होते, अडवणारा एकही नव्हता. साल एकसष्ट.

भांडण काचेवरून होतं. कय्युम मोटारींच्या काचांना रंग द्यायचा. वार्निशात हिरवा रंग असा बेताने कालवायचा की ऊन अडावं, पण आतला चेहरा दिसावा. त्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. गोषातल्या बायांसाठी मागे पडदा, मागच्या काचेला हिरवी झाक. समोरची आणि बाजूच्या काचा मात्र साफ. ठाण्याच्या हवालदाराने तसं बजावलं होतं आणि कय्युमलाही ते मनापासून पटलं होतं. तेंदूपत्त्याचा ठेका घेणाऱ्या देवीलालला बाजूच्या काचाही काळ्याकुट्ट हव्या होत्या.

"मालक, मागची हलकी हिरवी करून देतो. बाजूच्या नाई. आत कोन बसलं हाय, थे दिसलं पायजे."

"तू मले कायदा शिकवतं?" म्हणत देवीलालने डबा उचलला होता.

बोटं मोडली तरी कय्युम नाहीच म्हणाला. मग देवीलालच्या ड्रायव्हरने घरात शिरून जोहराबीला, कय्युमच्या बायकोला, केस धरून रस्त्यावर ओढत आणलं. तेव्हा कुठे त्याने डाव्या हाताने काचा काळ्या केल्या. ज्याला हा भित्रेपणा वाटतो, त्याने आपली बोटं उंबऱ्यावर ठेवून बघावीत.

पुढच्याच बाजाराला ती मोटार चौकात बैलगाड्यांच्या गर्दीत अडकली. लग्नसराई चालू होती. आतून बाईचं रडणं येत होतं, दबलेलं, चढणारं आणि उतरणारं.

दुकानासमोर बंजारा तांड्यावरची रुपीबाई चारोळीची टोपली घेऊन बसली होती. तिची पोर बिजली देवीलालच्याच फडावर, पानं मोजून घेतात तिथे, तेंदूचे पुडके द्यायला जायची. रडणं कानी पडताच रुपीबाई हसतच उठली. बंजाऱ्यांची नवरी सासरी निघाली की एकेकाच्या गळ्यात पडून सुरात रडते. त्याला ढावलो म्हणतात. ऐकणाऱ्या बाया मग सूर मिळवतात.

"नवरी चालली व माय," रुपीबाई म्हणाली. "पुढच्या साली माही बिजलीबी अशीच जाईन."

काळ्या काचेवर तळहात ठेवून ती गायला लागली. गाडीवाले कौतुकाने ऐकत राहिले.

कय्युमने कान दिला. देवीलालच्या घरी लग्न नव्हतं. आणि हे रडणं मधेच तुटत होतं, कोणीतरी नरडं दाबावं तसं. पण आपण चुकलो तर? पुन्हा जोहराबीचे केस त्या ड्रायव्हरच्या मुठीत. तरीही त्याने डाव्या हातात पाना घेतला.

"रुपीबाई, बाजूले हो!"

पहिल्याच घावाला काच फुटली. आतून देवीलालचा हात आला, त्याने कय्युमची मान धरून फुटक्या काचेवर ओढली. गळ्याखाली चर्रकन कापलं, सदरा रक्ताने भिजला. कय्युम त्या मनगटावर पाना घालत राहिला, हाड मोडेपर्यंत आणि मोडल्यावरही. खोटं कशाला सांगा, त्याला बरं वाटलं.

आता आतलं सगळ्यांना दिसलं. मग मात्र गाडीवाले धावले. त्यांनी ड्रायव्हरला खाली खेचून बैल हाकायच्या तुताऱ्यांनी फोडून काढलं. देवीलाल दार उघडून निसटला, "मारू नका" म्हणत चाकाआड सरपटला. त्याला तिथून पाय धरून ओढलं.

मागच्या सीटवर हात बांधलेली, तोंडात बोळा कोंबलेली बिजली होती.

रुपीबाईने किंचाळून तिला बाहेर काढलं, बोळा उपसला, कवटाळलं. पोरीने आईला हात लावला नाही.

"याडी," ती आईला म्हणाली, "मी तुलेच हाका मारून राह्यलती. अन् तू गाऊन राह्यलती."

रुपीबाईने कय्युमच्या हातातला पाना हिसकला आणि उरलेल्या काचा फोडायला लागली. तिच्या मुठीतून रक्त गळत होतं. सगळ्या काचा संपल्या तरी ती पत्र्यावर मारतच राहिली. तिला आवरायला कोणी पुढे गेलं नाही. शेवटी बिजलीनेच तिचा हात धरला.