‘म’च्या जागी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — लेकीला नाही, नातींना तर नाहीच. नाती विचारतात, आजी, तू कधी कुणाचं वाईट केलंस का गं? मी म्हणते, छे! आणि कवळी काढून ठेवते, म्हणजे पुढचं बोलायला नको.

सत्तरचं दशक सरत आलेलं. नाशकात, गंगेपलीकडच्या — गोदेला आम्ही गंगाच म्हणतो — एका वस्तीत, मारुतीच्या ओट्यावर मी बायकांचा प्रौढ वर्ग घ्यायची. काय माझा थाट! खळीची साडी, मान अशी ताठ की जणू शारदाच उतरली. खरं तर नवऱ्यानं लेकीसकट माहेरी आणून टाकलेली, भावजयीच्या घरात पाऊल न वाजवता चालणारी बाई. वर्गातल्या बायकांना हे ठाऊक नाही — असं मला वाटायचं.

त्यांतली मैना गंगेवर भाजी विकायची. तिला वाचायचं होतं ते एकाच कामासाठी — सातपूरच्या बसची पाटी. लेक तिकडे दिलेली. दर वेळी बाप्यांना विचारावं लागतं नि ते दात काढतात, म्हणायची.

एकदा मी पोस्टकार्ड कसं लिहायचं ते दाखवत होते. मैना सगळ्यांदेखत म्हणाली, “बाई, येवढं झ्याक लिव्हता येतं, तर दाजींनाच लिवा की — घिऊन जा म्हनावं!”

बायका तोंडात पदर कोंबून हसल्या. मीही हसले. हसायलाच हवं होतं ना?

मग मी काय केलं? — थांबा, सांगते.

अक्षरांआधी आम्ही सही शिकवायचो. नाव चित्रासारखं गिरवायचं. तिच्या पाटीवर मी ठळक काढून दिलं — ‘दैना’. म च्या जागी द. एवढंच. जीभ बाहेर काढून तिनं पाटीभर गिरवलं. दैना, दैना, दैना. पुढे ग शिकवला, भ शिकवला, न शिकवला. म आला की मला काहीतरी काम निघायचं. चार दिवस गंमत, मग दुरुस्त करू — असं ठरवलं होतं का मी? नाही. खोटं कशाला बोलू?

चैत्रात ती वणीच्या जत्रेला गेली. परतली ती थेट ओट्यावर, हात पुढे करून. गोंदवून आणलं होतं! गोंदणारीला तिनं स्वतः मातीत लिहून दाखवलं होतं. हिरवं, अजून सुजलेलं — दैना.

“वाचा की, बाई!”

“मैना,” मी वाचलं.

तोच हात तराजू धरून गिऱ्हाइकांपुढे जायचा. कुणीतरी वाचून हसलंच. ती आली तेव्हा वाटलं, आता माझ्या झिंज्या धरते. पळायला मी चपलासुद्धा पायात सरकवल्या — कसली शूर!

पण ती रडत होती. “तुमी येवढं नीट शिकिवलं, बाई, नि मीच येडी. माझं मन राखाया तुमी ‘मैना’ वाचलंत. सवताचं नाव बी नाय आलं मला. नाय जमायचं माझ्याच्यानं.”

एक वाक्य पुरलं असतं.

“होतं असं,” मी म्हणाले. “या वयात सगळ्यांनाच जमतं असं नाही.”

तिनं पदर हातावर ओढला, पाटी माझ्यापुढे ठेवली नि गेली. पुन्हा वर्गाला आली नाही.

मी घरी गेले, पान वाढून घेतलं — आणि दोन घास जास्त जेवले.