साहेबांचं मऊ खाणं

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाल्या, "दुखणं मुळात नाकाचं नाहीच. दातांचं आहे." हे ऐकून दातवाल्या काकांची दातखीळ बसली.

दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर त्यानं मान डोलावून औषध विचारलं असतं. पण काकांचं उभं आयुष्य कवळ्या करण्यात गेलेलं. घराच्या पुढच्या खोलीत तोंडाची मापं घ्यायची, प्लास्टरचे साचे ओतायचे, मेणात दात बसवायचे आणि मग चाकावर घासत बसायचं. गिऱ्हाइकाला निळा कागद चावायला देऊन कुठे टोचतंय ते बघायचे आणि निघताना ठरलेलं वाक्य ऐकवायचे, "काही दिवस मऊच खा, हिरड्यांना जपा." आजूबाजूच्या निम्म्या म्हाताऱ्यांची जेवणं काकांच्या दातांवर चाललेली. अशा माणसाला दातांबद्दल कुणी काही शिकवावं, आणि तेही त्याच्याच घरातल्या सशाच्या दातांबद्दल, म्हणजे कमालच झाली.

ससा म्हणजे साहेब. कवळी फार छान बसली म्हणून एका बाईंनी खूश होऊन पिल्लू आणून दिलं होतं. काम सगळ्यांनी करायचं आणि आपण खोलीच्या मधोमध बसून नाक हलवत देखरेख करायची, हा त्याचा थाट पाहून काकांच्या थोरल्या बहिणीनं त्याचं नाव साहेब ठेवलं. काकांनी लग्न केलं नाही, ताई नवरा गेल्यावर धाकट्याकडे राहायला आल्या. घरात लाड करायला तिसरं कुणीच नाही, तेव्हा साहेबांचे लाड व्हायचे नाहीत तर कुणाचे व्हायचे?

साहेब वयात आले, म्हातारे झाले, आणि त्यांचा श्वास वाजायला लागला. आधी नुसत्या शिंका, मग नाकातून पांढरट पाणी, मग बसल्या जागी घरघर. ते सारखं नाक पुसायचे, त्यामुळे पुढचे पाय चिकट होऊन केसांच्या गाठी व्हायच्या. काका त्या कोमट पाण्यानं एकेक करून सोडवायचे. जुने डॉक्टर नाकात घालायला थेंब द्यायचे, त्यांच्याकडे एक्स-रेचं यंत्र नव्हतं. सकाळी न्हाणीघरात गरम पाणी सोडून, दार लावून काका साहेबांना मांडीवर घेऊन वाफेत बसायचे. बाहेर येताना साहेब ताजेतवाने आणि काका घामानं निथळत, असा तो सोहळा. सख्ख्या लेकरासाठीही कुणी इतकं करणार नाही, असं शेजारी म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं.

खाण्याची बडदास्त तर विचारूच नका. म्हाताऱ्या जिवाला दम लागतो, त्याला चावायला कशाला लावायचं, म्हणून गाजर किसून, दाणे भिजवून, केळं कुस्करून बशी साहेबांपुढे जायची. ताईंनी एकदा कुठूनशी वाळक्या गवताची पेंढी आणली तर काका खवळले होते. "म्हातारपणी वाळकं गवत? उद्या तुला कुणी खराटा चावायला दिला तर चालेल का, ताई?" पेंढी कचऱ्यात गेली. ताई गप्प बसल्या, कारण दातांच्या बाबतीत या घरात शेवटचा शब्द काकांचा.

आणि आता ही कालची पोरगी पेन्सिलीचं टोक एक्स-रेवर ठेवून सांगत होती. सशाचे दात मरेपर्यंत वाढतात. गवत रवंथ केल्यासारखं तासन्‌तास दळलं तरच ते झिजतात. झिजले नाहीत की वरच्या दातांना खाली वाढायला जागा उरत नाही, मग त्यांची मुळं उलटी वर सरकतात आणि नाकाची वाट अडवतात. सशाला आपल्यासारखा तोंडानं श्वास घेता येत नाही, म्हणून ही घरघर.

"याला लहानपणापासून मऊच देताय का?" त्यांनी विचारलं.

काकांनी हो म्हणून मान हलवली. माणसाचा दात झिजला की झिजला, परत वाढत नाही, म्हणून जपायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं ज्ञान. ते त्यांनी सशाला जसंच्या तसं लावलं होतं. साहेबांचे लांब झालेले पुढचे दात तर ते गिऱ्हाइकांना कौतुकानं दाखवायचे, या वयात असे दात कुणाचे आहेत सांगा. ते कौतुक आठवून त्यांना त्या खोलीत उभं राहवेना.

डॉक्टरीणबाई दुष्ट नव्हत्या, पण गोड बोलण्याची सवयही त्यांना नव्हती. नाकात गेलेली मुळं परत फिरणार नाहीत, श्वास आता असाच वाजणार. भूल देऊन वाढलेले दात एकदा घासता येतील, मात्र या श्वासावर भूल म्हणजे जिवाशी खेळ. एकदा निभेल, पुन्हा पुन्हा नाही. म्हणून यानंतर त्यानं गवत खाल्लंच पाहिजे. न खाल्लं तर दात परत वाढतील, आणि तेव्हा त्यांच्या हातात काही उरणार नाही. उपाशी मात्र ठेवायचं नाही, सशाचं पोट थांबलं की ससाच थांबतो. आधी गवत, वाट पाहायची, आणि अगदीच नाही खाल्लं तर जिवापुरतं मऊ.

काका "करा" म्हणाले आणि बाहेर बाकावर येऊन बसले. आतून घासण्याच्या यंत्राचा आवाज आला. तो आवाज त्यांनी जन्मभर काढला होता, आज मात्र त्यांनी कानांवर हात ठेवले. शेजारी ताई होत्या. त्यांनी पेंढीचं नावसुद्धा काढलं नाही. काढलं असतं, चार शब्द सुनावले असते, तर काकांना बरं वाटलं असतं.

"तू काही वाईट व्हावं म्हणून दिलं नव्हतंस, धाकट्या," त्या म्हणाल्या.

"म्हणून तर कुणी थांबवलं नाही मला," काका म्हणाले.

साहेब भुलीतून उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी नवं हिरवट सुकं गवत आलं, चांगल्या वासाचं. काकांनी ते पुढ्यात पसरलं. साहेबांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बंद नाकाला वास कसला कळणार? ते गवत तुडवत थेट काकांच्या पायाशी आले आणि मागच्या पायांवर उभे राहिले, बशीसाठी. रोज असेच उभे राहायचे. घरघर श्वास चालू, डोळे काकांच्या हातावर.

काकांनी हात मागे घेतला. ज्या हातानं याचं वाटोळं केलं त्याच हाताची हा अजून वाट बघतोय, हे त्यांना सहन होईना. त्यांना रडू आवरलं नाही. साहेब पुन्हा उभे राहिले, पुन्हा बसले, मग कंटाळून त्यांनी आपलं डोकं काकांच्या तळव्याखाली घातलं. हे ते एरवी पोट भरल्यावर करत. आज उपाशीपोटी केलं.

दुपार झाली. स्वयंपाकघरात ताईंनी दाणे भिजत घातले, कारण आता देण्यावाचून इलाज नव्हता. काका जमिनीवरच बसून होते. त्यांनी गवताच्या दोन काड्या उचलल्या, मुठीत धरल्या आणि साहेबांच्या ओठांशी नेल्या. नाकाशी नाही, ओठांशी. साहेबांनी मान फिरवली. काकांनी परत नेल्या. परत मान फिरली. बाहेर गिऱ्हाईक येऊन बसलं होतं, त्याला ताईंनी उद्या या म्हणून सांगितलं.

मग काकांच्या मुठीतली काडी हलली.

काकांनी मूठ तशीच धरून ठेवली. साहेबांच्या तोंडात काडीचं टोक होतं, आणि ते इंचाइंचानं आत जात होतं. जबडा आडवा फिरत होता. साधा, कोरडा, कुरकुर कुरकुर आवाज येत होता. काडी संपली, दुसरी आत गेली. ताई बशी घेऊन दारात आल्या आणि तिथेच थबकल्या.

"हा आवाज कसला रे?" त्यांनी हळूच विचारलं.

काकांनी तिसरी काडी उचलली. सगळ्या आयुष्यात त्यांनी हजार तोंडांना चावायला शिकवलं होतं, आणि स्वतःच्या सशाचं चावणं ते आज पहिल्यांदा ऐकत होते.