सासूबाई पुढच्या गाडीत

आमच्या ह्यांनी नवी गाडी घेतली तेव्हापासून घरात दोनच विषय होते: गाडी, आणि गाडीला कोणी हात लावू नये. पांढरी, उंच, पुढे टीव्हीएवढा पडदा असलेली. चढायला उंच, उतरायला त्याहून उंच. माझ्या सासूबाईंचे गुडघे गेलेले. त्यांना आत बसवायचं म्हणजे एकाने आतून ओढायचं आणि एकाने बाहेरून ढकलायचं. हे म्हणत, "ग्राउंड क्लिअरन्स चांगला हाय." सासूबाई म्हणत, "मले हवेत राह्याचं नाई ना, लेका. मले डोणगावले जायचं हाय."

डोणगावला माझ्या नणंदेनं घर बांधलं होतं, आणि त्या दिवशी गृहप्रवेश होता. भंतेजी येणार, वंदना होणार, मग जेवण. आम्ही मेहकरहून निघणार होतो. नणंदेनं आमच्यावर एकच जबाबदारी टाकली होती: थंड पाण्याचे दोन मोठे जार. तिला आपला भाऊ चांगला ठाऊक असल्यामुळे तिनं याहून मोठं काम सांगितलं नव्हतं.

मी मला जमतं ते केलं, म्हणजे मागे बसले. ड्रायव्हिंग मी शिकले आहे, परवानाही आहे. पण ह्यांच्या मते माझा हात "थोडा जड" आहे, आणि नव्या गाडीला तो सहन होणार नाही. तीस वर्षं ह्यांचे शर्ट धुताना तो जड वाटला नव्हता, असो.

मेहकर सोडून थोडं पुढे आलो तर समोर रस्त्यावर काहीतरी चमकायला लागलं. आधी वाटलं वरात आहे. जवळ गेलो तर गाड्या. पण अशा, की जुन्या फोटोंतच बघाव्यात. लांबच लांब नाक, दोन्ही बाजूंना बेडकाच्या डोळ्यांसारखे दिवे, चाकांत सायकलसारख्या तारा, दारांखाली पाय ठेवायला रुंद फळी. एक मोरपंखी, एक दुधी, एक काळीभोर. आत गॉगल आणि टोप्या घातलेली शहरी मंडळी. ती बहुधा लोणारचं सरोवर बघून आता नागपूरकडे निघाली होती. सगळ्यांत मागे एक मोठा ट्रक आणि त्यात चार मेकॅनिक. म्हणजे घोड्यावरच्या नवरदेवामागून ॲम्ब्युलन्स चालावी तसं.

हे स्टीअरिंगवर पुढे झुकले. "अगं, विंटेज! विंटेज हायेत हे!"

फोनवर गाड्यांचे व्हिडिओ बघून बघून हे त्या विषयातले जाणकार झालेले आहेत. प्रत्येक गाडीकडे बोट दाखवून त्यांनी एकेक वर्ष सांगितलं. पुढे कळलं की एकही बरोबर नव्हतं. पण त्यांचा आवाज इतका ठाम होता की गाड्यांनीच आपली वर्षं बदलून घ्यावीत असं मला वाटलं.

"आपल्याले उशीर होऊन राह्यला," सासूबाई म्हणाल्या.

"आई, अशा गाड्या जल्मात पाह्याले नाई भेटत."

"मले भेटल्या हायेत," सासूबाई म्हणाल्या. पण त्या वेळी कोणीच लक्ष दिलं नाही. मीही नाही.

ताफा पुढे गेला आणि थोड्या अंतरावर ती काळी गाडी एकटीच बाभळीखाली उभी दिसली. नाकातून वाफ निघत होती. मेकॅनिकांचा ट्रक, अर्थातच, दुसऱ्याच कोणाच्या तरी मदतीला पुढे निघून गेला होता. ह्यांनी करकचून ब्रेक मारला. नव्या गाडीला माझा हात सहन होणार नव्हता, ह्यांचा पाय मात्र सहन झाला.

गाडीचा मालक साठीचा, पुण्याचा, पांढरी टोपी घातलेला. एकटाच होता. त्याची बायको म्हणे एसीच्या गाडीतून पुढे गेली होती. हुशार बाई. तो फोन कानाला लावून "हॅलो, हॅलो" करत होता, आणि आमच्या भागातलं नेटवर्क त्याला नेहमीचाच मान देत होतं.

"तापली का?" ह्यांनी विचारलं.

"तापलीये हो. पाणी हवंय. तुमच्याकडे असेल का थोडं?"

ह्यांनी मागेपुढे बघितलं नाही. डिकी उघडून थेट जारच काढला. मी म्हटलं, "अहो, ते ताईंचं..." पण तोवर झाकण निघालं होतं. गाडी थोडी निवल्यावर मालकानं फडकं धरून रेडिएटरचं तोंड उघडलं, आणि माझ्या नणंदेच्या पाहुण्यांसाठी आणलेलं गार पाणी ती राजेशाही गाडी ढसाढसा प्यायली. जवळजवळ अख्खा जार. शिवाय थोडं पाणी मालकाच्या डोक्यावर.

"ॲव्हरेज किती देते?" ह्यांनी विचारलं.

मालकानं डोळे मिटले. त्या दिवशी हा प्रश्न त्याला किती जणांनी विचारला असेल ते त्याचं त्यालाच ठाऊक.

सासूबाई पाय मोकळे करायला खाली उतरल्या होत्या, म्हणजे मी उतरवल्या होत्या. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चामड्याच्या सीटवर तळहात दाबून पाहिला, पितळी भोंगा दाबला. भोंगा बदकासारखा ओरडला तशा त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

मालक खूश झाला. आम्ही डोणगावला निघालोय हे कळल्यावर ह्यांना म्हणाला, "साहेब, तुम्ही फार मोठी मदत केलीत. डोणगावपर्यंत बसा की माझ्याबरोबर. एकटा कंटाळलोय."

ह्यांचा चेहरा कसा उजळला ते मी सांगू शकत नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा मी तो तसा पाहिलेला नव्हता. ते गाडीकडे निघाले. एक पाय फळीवर ठेवला. मग थांबले.

"मंग आपली गाडी?"

मी आकाशाकडे बघत उभी राहिले.

"तू..." ते म्हणाले.

"माझा हात जड आहे," मी म्हटलं.

ह्यांनी एकदा काळ्या गाडीकडे पाहिलं, एकदा पांढऱ्या गाडीकडे, आणि मग माझ्याकडे. किल्ली खिशातून निघाली, हवेत थोडी लोंबकळली आणि परत खिशात गेली. प्रेम फार क्रूर असतं. ते नव्या गाडीवर होतं, इतकंच.

"मले बसू दे ना मंग," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी कोणाच्या उत्तराची वाट पाहिली नाही. रुंद फळीवर पाय ठेवला, दार धरलं आणि कोणी न ओढता, न ढकलता आत जाऊन बसल्या. पदर डोक्यावरून घेतला. "चला बापू," त्या त्या पुणेकराला म्हणाल्या, "वंदना सुरू होऊन जाईन."

तिथून पुढे रस्त्याचं काम चालू होतं. एक बाजू बंद, दुसऱ्या बाजूनं वाहतूक कच्च्या वाटेवर वळवलेली. काळी गाडी पुढे, आम्ही मागे. धुळीचे लोट उठत होते आणि आमच्या पांढऱ्या गाडीवर शांतपणे बसत होते. दर थोड्या वेळानं पुढून तो बदकाचा भोंगा वाजे. पुढच्या गाडीसमोर रस्ता मोकळा होता, तरी भोंगा वाजे. सासूबाई वाजवत होत्या.

"आई धूळ खाऊन राह्यली असंन," हे काळजीनं म्हणाले.

"आपण खातोय," मी म्हटलं.

नणंदेच्या घरासमोर मांडव होता, दाराला फीत होती, पंचशील ध्वज लावलेला होता, आणि सगळे पाहुणे मांडवात बसले होते. काळी गाडी गल्लीत शिरली आणि सासूबाईंनी भोंगा वाजवला. मग मांडवात कोणी राहिलं नाही. नव्या टाइल्स, नवं छत, नळाची ती वर-खाली होणारी तोटी, हे सगळं बघायचं सोडून अख्खा गाव गाडीभोवती. नणंद फितीपाशी कात्री घेऊन एकटी उभी. भंतेजीसुद्धा शांतपणे बाहेर आले, गाडीकडे थोडा वेळ बघत राहिले आणि मालकाला म्हणाले, "ॲव्हरेज किती देते हो?"

"दादा, पाणी कुठं हाय?" नणंदेनं विचारलं.

ह्यांनी एक जार काढला. "दुसरा..." आणि त्यांनी काळ्या गाडीकडे बोट दाखवलं.

नणंदेनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "वहिनी, तुमीसुद्धा?" मी तिला काय सांगणार, मी मागे बसले होते.

वंदना झाली, फीत कापली, जेवण वाढलं. सासूबाईंनी मालकाला हात धरून पंगतीला बसवलं होतं. वांग्याची भाजी, पुऱ्या, वरण-भात, बुंदी. टोपी काढून तो मांडी घालून जेवत होता आणि आजूबाजूच्यांना गाडीचा इतिहास सांगत होता. ती म्हणे एका संस्थानिकाची होती. शिकारीला जायची. तिच्यात बसायला मोठमोठे साहेब तरसायचे.

"अशीच एक मले भेटली होती," सासूबाई म्हणाल्या. "आठ-नऊ वर्साची असंन. गावात कोण्या बड्या घरी पाहुणा आला होता, त्याची गाडी. आमी रस्त्यानं गवताचे भारे घेऊन येत होतो, माही माय अन् मी. एक माणूस पुढं पयत आला. म्हने, बाजूले व्हा, पार बाभयीमांगं उभं राहा, सायेबाले तुमी दिसले नाई पायजेत. माय मले घेऊन काट्यात उभी राह्यली. गाडी गेली. आमाले तं दिसली नाई, नुसती धूळ दिसली. मायनं पदरानं माहं तोंड पुसलं अन् म्हने, गाडी काळी होती का वं?"

मालकाचा घास हातातच राहिला. तीस वर्षं मी या बाईंबरोबर राहिले, त्यांच्या गुडघ्यांचं तेल, त्यांच्या गोळ्या, सगळं मला माहीत. हे माहीत नव्हतं. ह्यांनाही नव्हतं. ते पत्रावळीकडे बघत बसले होते, आणि त्यांना पहिल्यांदाच कोणत्याही गाडीचं वर्ष आठवत नव्हतं.

"काकू," मालक शेवटी म्हणाला, "जेवण झाल्यावर आणखी एक चक्कर मारायची का? गावातून?"

सासूबाईंनी विचार केला. "नाई बापू. कमर दुखून राह्यली. तुमच्या गाडीचे शॉकअप्सर गेले हायेत."

मालक हसला. सगळेच हसले, जरा जास्तच हसले. मग त्यानं दुसऱ्यांदा वरण-भात घेतला.

निघताना गाडी सुरू होईना. मांडवातले वीसेक जण कोपऱ्यापर्यंत ढकलत गेले, त्यांत हे सगळ्यांत पुढे, घामानं निथळत. त्या गाडीला इतका वेळ हात लावायला त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच मिळालं होतं. कोपऱ्यावर तिनं खोकून खोकून जीव धरला आणि काळा धूर सोडून नागपूरकडे निघून गेली. मंडळी परतली ती थेट चपला शोधायला लागली. घर बघायचं राहिलंय हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. जाता जाता एकानं नणंदेला सांगितलं, "कार्यक्रम लय मस्त झाला बाई, काय गाडी होती!"

नणंद स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली. तिचे डोळे भरलेले होते, आणि तसं म्हणण्याची कोणाची हिंमत नव्हती.

सासूबाई कंबर धरत तिच्याकडे गेल्या. "चाल वं पोरी, तुहं घर दाखव मले."

"तू गाडी पाह्य," नणंद म्हणाली.

"गाडी पाह्यली. आता घर पाह्याचं हाय. हा नय कसा उघडते?"

नणंदेनं तोंड फिरवलं. मग नळ उघडून दाखवला. सासूबाईंनी तो तीनदा उघडला, तीनदा बंद केला. मग कपाटं, मग खिडकीच्या कड्या, मग जिना. गुडघे धरून त्या गच्चीपर्यंत चढल्या. वरून त्यांचा आवाज येत होता, "अन् हे कायले केलं?", आणि नणंदेचं लांबलचक उत्तर. खाली मी आणि हे पत्रावळी गोळा करत होतो.