टँक उपसला तो गुरुवार

आमच्या हॉलमधला खाऱ्या पाण्याचा फिश टँक बिघडला तेव्हा माझा नवरा गुजरातेत होता. तो चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. कंपनी तिकडे नवा प्लँट उभा करत होती आणि तो सुरू होईपर्यंत याला तिथंच राहायचं होतं. टँक त्याच्या शौकाचा, त्यानेच उभा केलेला. जाताना त्याने मला सगळं समजावून सांगितलं होतं. मी थेरगावच्या ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे पाण्याच्या टेस्ट मला जमतील याची त्याला खात्री होती. टेस्ट मला जमायच्या. वेळ तेवढा मिळत नव्हता.

घरात राहिलो मी आणि माझे सासरे. आम्ही त्यांना आबा म्हणतो. आबा मूळचे रहाटणीचे. त्यांनी जिथं ज्वारी काढली तिथं आता सोसायट्यांची पार्किंग आहेत. सासूबाई गेल्यानंतर ते पिंपळे सौदागरला आमच्याकडे राहायला आले. त्यांच्यासाठी वेगळी खोली होती, पण तिथं त्यांना झोप लागेना. ते हॉलमधल्या दिवाणावर, टँकच्या शेजारी झोपायला लागले, आणि हळूहळू त्यांचा दिवसही तिथंच जाऊ लागला.

टँकमध्ये पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारंगी क्लाउनफिश, एक भांडखोर निळा मासा, आणि दगडांवर वाढलेली मऊ प्रवाळं. दगडासारखी टणक प्रवाळं आपल्याकडे घरी ठेवायला मनाई आहे, त्यामुळे आमच्याकडे होती ती सगळी मऊ, पाण्यात डोलणारी. तीही एका शौकिनाने स्वतःच्या टँकमध्ये वाढवून दिलेली. आबा काचेजवळ गेले की तिन्ही मासे धावत पुढे येत. आबांना ते बघवायचं नाही. "उपाशी हायेत लेकरं," म्हणत ते खाद्याची चिमूट टाकायचे. मी कॉलेजला गेल्यावर आणखी एक, दुपारी चहा झाल्यावर आणखी. मी एकदोनदा म्हटलं, "आबा, त्यांना एवढं लागत नाही." ते म्हणाले, "मागत्यात म्हून देतो." सासूबाई गेल्यापासून ते एवढ्या आवडीने दुसरं काहीच करत नव्हते. मी पुन्हा काही बोलले नाही.

न खाल्लेलं अन्न वाळूत जिरत गेलं. आधी काचेवर हिरवट थर आला, मग दगडांवर केसांसारखं शेवाळ, आणि शेवटी वाळूवर लालसर, बुळबुळीत साय. प्रवाळं मिटून बसली.

त्याच सुमाराला आबा म्हणाले, "पोरी, काच तडकतीय का बघ. टक्क करून वाजतंय."

मी काच बघितली, खालचं स्टँड बघितलं, पंपाला कान लावून बसले. काही नव्हतं. आठवडाभराने ते पुन्हा तेच म्हणाले. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, हीटर चालू-बंद होत असेल. मी हीटर बंद करून बघितला. आबा म्हणाले, "तरीबी वाजतंय." मी दिवसभर कॉलेजात आणि रात्री आतल्या खोलीत; मला तो आवाज एकदाही ऐकू आला नाही. शेवटी मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं, वयामुळे कानात असे आवाज येतात म्हणाले आणि गोळ्या दिल्या. आबांनी त्या मुकाट घेतल्या. त्यानंतर त्यांनी आवाजाचा विषय काढला नाही आणि मला वाटलं, गोळ्या लागू पडल्या.

नवरा परत आला तेव्हा बॅग खाली ठेवायच्या आधी टँकपुढे उभा राहिला. वाकून वाळूवरची लालसर साय बघितली. मग विचारलं, "खायला कोण घालतं?"

आबा पेपर वाचत होते. पान उलटायचे थांबले.

"सगळेच घालतो," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं, आबांकडे बघितलं आणि विषय तिथंच सोडला. त्या संध्याकाळी तो मला म्हणाला की वरवर साफ करून भागणार नाही, सगळं उपसावं लागेल. वाळू टाकून द्यायची, दगड घासायचे, नव्या पाण्याने पहिल्यापासून सुरुवात. मी म्हटलं, नाहीतर देऊन टाकू कुणाला तरी. तो म्हणाला, "आबा मग कुठं बसतील?"

कंपनीला गुरुवारची सुट्टी असते, म्हणून गुरुवार ठरला. मीही रजा टाकली. आधीचे काही दिवस आमच्या बाल्कनीत निळ्या ड्रममध्ये आर.ओ.चं पाणी साठत होतं. त्यात समुद्री मीठ घालून, पंप लावून ते सतत फिरत ठेवलं होतं. सोसायटीला येणारं टँकरचं पाणी या कामाला चालत नाही.

सकाळी चहा झाल्यावर सुरुवात केली. टँकमधलंच वरचं स्वच्छ पाणी पाइपने बादल्यांमध्ये काढलं, कारण दगड त्याच पाण्यात घासायचे असतात. नळाच्या पाण्याने त्यांच्यावरचे उपयोगी जिवाणू मरतात. दगड बाहेर निघेपर्यंत मासे हाती लागत नाहीत. शेवटचा दगड उचलल्यावर नवऱ्याने तिघांना जाळीत धरलं आणि जुन्याच पाण्याच्या एका वेगळ्या ड्रममध्ये सोडलं. निळ्याने जाता जाता त्याच्या बोटाला चावा घेतला.

आबा दिवाणावरून सगळं बघत होते. मी त्यांच्यापुढे एक बादली आणि जुना टूथब्रश ठेवला. "आबा, एवढे दगड घासता का? प्रवाळाला धक्का लावू नका फक्त." ते लगेच स्टूल ओढून बसले.

मी पंप लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून ठेवले आणि काच खरवडायला घेतली. नवरा वाळू काढत होता. वरची पांढरी वाळू संपली आणि खाली काळा थर लागला, तसा हॉलभर सडक्या अंड्यांचा वास सुटला. प्रयोगशाळेत हा वायू मी मुद्दाम तयार करून पोरांना दाखवते. घरात तो फुकट मिळाला. खिडक्या उघडल्या, पंखे लावले. समोरच्या काकू दार वाजवून विचारून गेल्या, "गटार तुंबलं का हो तुमच्याकडे?"

आणि मग आवाज आला. टक्क!

नवऱ्याच्या हातातली सुपडी तशीच राहिली. "काच गेली," तो म्हणाला आणि टँकच्या तळाशी बोटं फिरवायला लागला. मी वाकून कोपरे बघत होते. पुन्हा, टक्क! आता नीट कळलं. आवाज टँकमधून नव्हे, आबांच्या बादलीतून आला होता.

आबा हातात ब्रश धरून आमच्याकडे बघत होते. "आता तुमालाबी ऐकू आलं का?"

नवऱ्याने बादलीतला मोठा दगड हळूच उचलला आणि उपडा केला. खालच्या एका भोकातून एक छोटी, तपकिरी कोळंबी मागे मागे सरकत बाहेर आली. तिची एक नांगी साधी होती आणि दुसरी तिच्या अंगाच्या मानाने भलतीच मोठी. ती तिने उघडली आणि मिटली. टक्क. प्लॅस्टिकच्या बादलीला हादरा बसला.

"पिस्टल श्रिंप," नवरा म्हणाला. "वाचलं होतं हिच्याबद्दल, कधी बघितली नव्हती." दगड त्याने दुसऱ्या एका शौकिनाकडून, त्याचा टँक मोडला तेव्हा आणले होते. त्यातूनच ती आली असणार, आणि इतके दिवस कुणाच्या दृष्टीला न पडता आतच राहिली होती.

मला फार ओशाळल्यासारखं झालं. "आबा, आम्ही तुम्हाला डॉक्टरकडे नेलं आणि..."

"त्याचं काय न्हाई," आबा म्हणाले. ते कोळंबीकडे बघत होते. "म्हंजी ही व्हय." ब्रश बादलीत ठेवून म्हणाले, "मला वाटायचं, तुझी सासू सुपारी कातरतीय."

सासूबाई रोज जेवणानंतर अडकित्ता घेऊन बसायच्या. आबांना सुपारीची खांडं बारीक लागत. तो आवाज मीही अनेक वर्षं ऐकला होता, आणि आता आबांनी सांगितल्यावर पटलं: हुबेहूब तोच होता.

"काच तडकत न्हाई म्हटल्यावर मग दुसरं काय आसंल?" आबा सांगत होते, स्वतःशीच बोलल्यासारखे. "मला ठावं हुतं ती न्हाई. येडा न्हाई मी. पर वाजलं की बरं वाटायचं. डागदरनं गोळ्या दिल्या तवा भ्या वाटलं, थांबलं तर. न्हाई थांबलं."

नवरा ओल्या हातांनी तिथंच फरशीवर बसला. वडिलांशी असल्या गोष्टी बोलायची त्याला सवय नाही. त्याने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. काळी वाळू, घमेलं, वास, सगळं तसंच पडून होतं. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग ते एकदम हसले. "केवढीशी हाय आन् केवढं वाजिवती बघ!"

"आबा, हिला दुकानात देऊन टाकू का?" नवऱ्याने विचारलं. "माशांना तसा तिचा त्रास नाही. तुम्ही सांगाल तसं."

आबांनी विचार केला. "ऱ्हाऊ दे. ती कुटं जाईल आता?"

दुपारपर्यंत टँक रिकामा, पुसून लख्ख झाला. धुतलेली नवी वाळू घातली, दगड रचले, नवं पाणी ताटलीवर ओतत भरलं म्हणजे वाळू उडू नये. तरी पाणी ताकासारखं पांढुरकं झालं. पाण्याचं तापमान आणि खारटपणा माशांच्या ड्रममधल्या पाण्याशी जुळल्यावर मासे आणि कोळंबी परत सोडली. कोळंबी दगडाखाली गेली ती पुन्हा दिसली नाही. आम्ही तिघांनी जेवण केलं तेव्हा चहाची वेळ झाली होती.

नवी वाळू रुळायला वेळ लागतो. मधे तिच्यावर तपकिरी थर आला आणि आबा घाबरले. नवऱ्याने सांगितलं की हा येतो आणि जातो. तसा तो गेला. प्रवाळाचा एक पुंजका मात्र वाचला नाही. बाकीची हळूहळू उघडली.

खायला घालण्याबद्दल आम्ही कुणीच काही बोललो नव्हतो. एका सकाळी आबांनीच डबी माझ्यापुढे धरली. "किती घालू ते दाव." मी त्यांना चहा-साखरेच्या डब्यांतला सर्वांत लहान चमचा दिला. ते म्हणाले, "एवढंच?" पण तेवढंच घालायला लागले. पाण्याची टेस्ट मी करते तेव्हा नळीतला रंग बघायला तेही शेजारी येऊन उभे राहतात.

दिवाळीच्या आसपास ते आपल्या खोलीत झोपायला गेले. कुणी सांगितलं नव्हतं. दिवाण पाठीला टोचतो म्हणाले. टक्क अजून वाजतं, आता आम्हालाही ऐकू येतं, आणि वाजलं की आबा नुसते एकदा तिकडे बघतात.

मधे रहाटणीचे त्यांचे जुने जोडीदार टँक बघायला आले होते. धोतर-टोपीतले तिघं सोफ्यावर एका ओळीत बसले. मी चहा दिला. बराच वेळ बघून झाल्यावर त्यांतल्या एकांनी नारंगी माशाकडे बोट केलं आणि विचारलं, "ह्यो खायला कसा लागतो रं?"

"ह्यो खायचा न्हाई," आबा म्हणाले, जरा रागानेच. "च्या पी तू."